पक्षपंधरवड्यातली गाडी

गाडी माझी पत्नी चालवायची आणि मी तिच्या डावीकडे बसायचो. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. कॉलेज घरापासून चालत जाण्याइतके जवळ होते, आणि दूर जायचे असेल तेव्हा ती असायची. त्यामुळे साठी ओलांडली तरी मला गाडी शिकण्याची गरज पडली नाही.

महिन्यातून एकदा मागच्या सीटवर माझ्या सासूबाई असत. त्या ओझरला एकट्या राहतात. सासरे तिथल्या विमान कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावात छोटे घर बांधले आणि ते गेल्यावरही सासूबाईंनी ते सोडले नाही. माझी पत्नी त्यांची एकुलती एक मुलगी. सासूबाईंच्या डोळ्याच्या पडद्यात पाणी साठते. एका डोळ्याला आता नुसता उजेड कळतो. दुसरा डोळा दर महिन्याच्या इंजेक्शनावर टिकून आहे. पत्नी त्यांना सकाळी ओझरहून आणायची, नाशकातल्या दवाखान्यात न्यायची, आमच्याकडे जेवू घालायची आणि संध्याकाळी परत सोडून यायची.

ती गेल्यावर हे काम माझ्याकडे आले. म्हणजे ते आता माझे, असे मी धरले. सासूबाईंनी तसे धरले नव्हते. मी मोबाइलवरून भाड्याची गाडी बोलवायचो, पण ओझर म्हटले की ती रद्द व्हायची. परतीचे भाडे मिळत नाही म्हणून. एकदा मी गाडीची वाट बघत असतानाच सासूबाईंचा फोन आला.

"राहू द्या, जावईबापू. डोळा बरा आहे आता."

"डॉक्टरांनी महिना चुकवू नका म्हणून सांगितलंय."

"डॉक्टर सांगणारच. लेक होती तोवर लेकीला त्रास दिला. तुम्हाला कशाला?"

जावई हे नाते मुलीमार्फत आलेले असते. मुलगी गेल्यावर ते कुठे जाते, हे मला माहीत नव्हते आणि बहुधा त्यांनाही नव्हते. तो महिना चुकला, पुढचाही चुकला. डॉक्टरांनी मला फोनवर शांतपणे सांगितले, की या डोळ्यातून जे जाईल ते परत आणता येणार नाही. तेव्हा मी गाडी शिकायचे ठरवले. भाड्याच्या गाडीला त्या नाही म्हणू शकत होत्या. दारात स्वतः गाडी घेऊन उभ्या राहिलेल्या जावयाला नाही म्हणणे त्यांच्या पिढीच्या बाईला जड जाईल, असा माझा हिशेब होता.

पत्नीची गाडी गिअरची होती. तिच्यावर मी एक सकाळ प्रयत्न केला. क्लच सोडताना गाडीने उडी घेतली आणि सोसायटीच्या फाटकाला लागली. मग ती विकून टाकली. विकताना फार वाईट वाटेल असे वाटले होते, तेवढे वाटले नाही. माणूस गेल्यानंतर वस्तूंचे जाणे मागाहून येते आणि त्याला तितका आवाज नसतो.

ज्या बाईंकडे मी शिकायला गेलो त्यांच्याकडे बहुतेक माझ्या वयाच्या गृहिणी येत. त्यांच्याकडे एक ऑटोमॅटिक गाडी होती, क्लच नसलेली. त्यांच्या बाजूलाही ब्रेक होता. बाई चाळिशीतल्या, मोठ्या आवाजाच्या. पहिल्या दोन दिवसांतच त्यांनी माझा दोष ओळखला. मी अनेक वर्षे डावीकडे बसलो होतो, आणि पत्नीने ब्रेक उशिरा लावला की माझा डावा पाय आपोआप पायपुसणे दाबायचा. ती त्यावर हसायची. आता त्याच पायाच्या आवाक्यात खरा ब्रेक आला होता. समोर रिक्षा आली की उजवा पाय काही करायच्या आत डावा पाय ब्रेकवर आदळायचा आणि आम्ही दोघे पुढे फेकले जायचो.

"सर, डावा पाय घरी ठेवून येत चला," बाई म्हणाल्या.

"प्रयत्न करतो."

"प्रयत्न नको. डावी चप्पल काढून बसा. अनवाणी पाय पुढे यायला बिचकतो. माझ्या सगळ्या काकूंना मी हेच सांगते."

मी डावी चप्पल काढून बसू लागलो. पाय खरोखरच बिचकला.

बाईंची गाडी तासाभराची असे. मला माझी हवी होती, लहान, ऑटोमॅटिक आणि जुनी, म्हणजे घासली गेली तरी चालेल अशी. मी सवयीप्रमाणे आधी वाचून घेतले. ऑटोमॅटिकचे प्रकार, कोणता गिअरबॉक्स कसा वागतो, जुन्या गाडीत काय तपासायचे, सगळे. बाईंना ते ऐकवले तेव्हा त्या म्हणाल्या, "छान. आता एकदा बसून बघा."

जुन्या गाड्यांची दुकाने पाथर्डी फाट्याच्या बाजूला आहेत. मी तिथे पितृपक्षात गेलो, आणि मुद्दाम गेलो. त्या पंधरवड्यात आमच्याकडे कोणी वाहन घेत नाही. विक्रेते फाटकाशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसतात, गाड्यांवर धूळ साठते. माझ्यासारख्या घाबरणाऱ्या माणसाला याहून चांगला काळ नव्हता. मागे कोणी खोळंबलेले नाही, रिकाम्या आवारात हवे तितके पुढे-मागे करता येते, आणि विक्रेताही कंटाळलेला असल्याने चहा पाजतो. शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला आता काय म्हणायचं?" त्यांना बहुतेक असे म्हणायचे होते, की ज्याच्या घरातले अशुभ घडून गेले आहे त्याला कशाचे भय. ते खरे नव्हते, पण मी वाद घातला नाही.

विक्रेता पस्तिशीचा, बोलका होता. प्रत्येक गाडीच्या पुढे त्याने लिंबू-मिरची बांधली होती.

"सर, ही बघा. सिंगल ओनर. डॉक्टर मॅडमची गाडी आहे."

"आणि ही?"

"हीपण डॉक्टरांचीच."

"ती लाल?"

"त्या मॅडम डेंटिस्ट आहेत," तो जरा थांबून म्हणाला. माझ्याबरोबर आलेल्या बाई तोंड फिरवून हसल्या.

दोन गाड्या उरल्या. पहिली ठेंगणी, करड्या रंगाची. तिचा गिअर बदलला तरी कळत नसे. ब्रेक सोडला की ती आपणहून हळू पुढे सरकायची. चढावर मागे घसरत नव्हती. गिअरच्या दांड्याशी पार्किंगसाठी वेगळी खूण होती. दांडा तिथे नेला की गाडी बांधून ठेवल्यासारखी उभी राही. मला ती पहिल्या फेरीतच आवडली. तिच्यात मला मी घाबरलेला आहे हे आठवले नाही.

दुसरी पांढरी, उंच, डब्यासारखी. मुळात गिअरचीच गाडी, फक्त क्लच दाबण्याचे काम आतले यंत्र करायचे. ते काम ती सावकाश करी. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना क्षणभर अडखळायची आणि मग डोके पुढे जाईल असा हिसका द्यायची. पार्किंगची खूण तिच्यात नव्हती. चढावर ब्रेक सोडला तर मागे यायची, आधी हॅन्डब्रेक ओढावा लागायचा.

"तुम्ही भित्रे आहात सर, राग मानू नका," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी करडी. प्रश्नच नाही."

विक्रेत्यालाही करडीच विकायची होती. मलाही तीच हवी होती. पण गाडी ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांना ती दाखवायला हवी होती. धंदा थंड असल्यामुळे विक्रेता ओझरपर्यंत गाडी द्यायला तयार झाला, बाई चालवणार असतील तर.

सासूबाई ओट्यावर आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिले, म्हणजे तिच्या दिशेने पाहिले.

"घेतलीत का?"

"नाही. बघायला आणलीय."

"तेच म्हटलं. पक्षात घेतलेल्या गाडीत मी बसणार नाही, आधीच सांगते."

"घेतलेली नाही. दुकानाची आहे."

"मग ठीक. लोकांची गाडी आहे."

त्यांचा डावा गुडघा पूर्ण वाकत नाही. मागचे दार उघडून त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि पाठमोऱ्या होऊन बसायला लागल्या. सीट त्यांच्या अंदाजापेक्षा खूप खाली निघाली. शेवटच्या वितीत त्या बसल्या नाहीत, पडल्या. उतरताना त्याहून वाईट झाले. बाईंनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना वर ओढले. त्यांचे कपाळ दाराच्या वरच्या काठाला लागले. त्यांनी पदर नीट केला.

"छान आहे गाडी," त्या म्हणाल्या. "तुम्ही फिरा हिच्यातून. मला कुठं जायचंय आता?"

मी हे वाक्य ओळखले. फोनवरचे आणि हे एकच होते. परत येताना महामार्गावर बाई म्हणाल्या, "उंच सीट हवी त्यांना."

"हो."

"पण ती तुम्हाला झेपेल का, हा प्रश्न आहे."

त्याच आठवड्यात अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचे त्या दिवशी करतात आणि एखादी सवाष्ण जेवायला बोलावतात. पहिले वर्ष झाल्याने या वेळी ते मला करायचे होते. पांढऱ्या गाडीच्या ओझरच्या फेरीसाठी विक्रेत्याने नेमका तोच दिवस दिला होता, आणि दवाखान्यातही त्याच सकाळची वेळ मिळाली होती. मी सगळे एकत्र केले. बाईंना विचारले, की त्या सवाष्ण म्हणून जेवायला येतील का.

"गाडी शिकवायचे पैसे आणि वर जेवण?" त्या म्हणाल्या. नंतर थांबून म्हणाल्या, "येईन सर."

ओझरला सासूबाई पांढऱ्या गाडीपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी हात लावून सीट कुठे आहे ते पाहिले. ती त्यांच्या कमरेच्या जरा खाली होती. त्या पाठमोऱ्या झाल्या, टेकल्या आणि नुसत्या वळून आत गेल्या. काठी त्यांच्याच हातात राहिली. मग त्या उतरल्या, कोणी सांगितले नसताना, आणि पुन्हा बसल्या.

"हीपण लोकांचीच ना?"

"लोकांचीच."

"मग चला. कुठपर्यंत नेता?"

"दवाखान्यापर्यंत," मी म्हणालो.

मला वाटले, आता त्या उतरतील. बाईंनी वाट न बघता गाडी सुरू केली. दुसऱ्या गिअरला नेहमीचा हिसका बसला तेव्हा मागून आवाज आला, "उचकी लागते वाटतं हिला."

विक्रेत्याचा फोन द्वारका चौकाच्या गर्दीत आला. ट्रायल कुठपर्यंत आली, असे तो विचारत होता. बाई म्हणाल्या, "चालू आहे, दादा. पेशंट बसवून बघतोय." ते खोटेही नव्हते.

दवाखान्यात शेजारच्या खुर्चीतल्या एका बाईने सासूबाईंना विचारले, "मुलगा का?"

"जावई."

"मुलगी नाही आली?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या आणि काठीची मूठ पुसू लागल्या. मी समोरचा डोळ्याच्या रचनेचा तक्ता वाचत होतो. तो मी आधीही अनेकदा वाचला होता.

इंजेक्शन झाल्यावर आम्ही घरी आलो. सासूबाई लेकीच्या घरी ती गेल्यापासून पहिल्यांदाच येत होत्या. चांगल्या डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळे त्यांना घर पाहावे लागले नाही. मला ते बरे वाटले. स्वयंपाकाच्या बाईंनी खीर आणि वडे केले होते. मी पत्नीच्या नावाचे पान वाढून ठेवले. सासूबाईंनी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंची ओटी माझ्याकरवी भरवली. कुंकू बाईंनी स्वतःच लावून घेतले. जेवताना सासूबाईंनी त्यांना विचारले, "आमचे जावई शिकतील का?"

"शिकतील. वेळ लागेल."

"लेक किती दिवसांत शिकली होती?"

मला ते आठवत नव्हते. मी तसे सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी विक्रेत्याला पांढरी ठेवून द्यायला सांगितली. त्याला ते पटले नाही. करडी नितळ चालते, तुमच्यासारख्याला तीच बरी, एवढ्या उंच गाडीची या वयात हौस कशाला, असे तो बरेच बोलला. गाडी मी घटस्थापनेला घरी आणली. विक्रेत्याने चाकाखाली लिंबू ठेवले. ते बाईंनी चिरडले, कारण मी स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हतो.

पुढचे दोन महिने मी त्या हिसक्याशी जुळवून घेण्यात घालवले. गिअर बदलायच्या सुमाराला उजवा पाय किंचित उचलायचा, गाडीला तिचे काम करू द्यायचे आणि मग पुन्हा दाबायचा. ती वेळ कोणती हे पुस्तकात नव्हते. इंजिनाच्या आवाजावरून ते हळूहळू कळू लागले. चढ मात्र मला जमेना. हॅन्डब्रेक ओढायचा, ॲक्सिलरेटर दाबायचा, गाडी पुढे रेटतेय असे वाटले की हॅन्डब्रेक सोडायचा, हे मला तोंडपाठ होते. पण मागे दुसरी गाडी दिसली की हात हलत नसे. त्या काळात सासूबाईंना आणायला बाई माझ्याबरोबर येत, आणि महामार्गावर त्याच चालवत.

पक्के लायसन मार्गशीर्षात मिळाले. त्या महिन्यात मी पहिल्यांदा एकटा ओझरला गेलो. महामार्गालगतच्या खालच्या रस्त्याने, ट्रक पुढे जाऊ देत, इतका सावकाश की आडगावजवळ एका सायकलवाल्याने वळून बघितले. सासूबाई तयार होत्या. त्या मागच्या दाराकडे न जाता पुढच्या दाराशी आल्या.

"मागं बसले तर तुम्ही ड्रायव्हर दिसता," त्या म्हणाल्या.

वाटेत त्या दोन्ही हातांनी काठीची मूठ धरून बसल्या.

दवाखान्याचा पोर्च रस्त्यापेक्षा उंच आहे. फाटकातून आत गेले की अरुंद चढण लागते. आम्ही चढणीच्या मध्यावर असताना पुढची गाडी पेशंट उतरवायला थांबली. मीही थांबलो. पुढची गाडी निघून गेली. मी ब्रेक सोडला आणि आमची गाडी मागे यायला लागली. मी ब्रेक दाबला. मागून हॉर्न वाजला. पुन्हा सोडला, पुन्हा ती मागे आली, पुन्हा हॉर्न. आरशात एक मोठी काळी गाडी दिसत होती, अगदी जवळ. हॅन्डब्रेक मी कसाबसा ओढला, पण पुढे ॲक्सिलरेटरवर पाय जाईना. हॉर्न आता थांबतच नव्हता. मला वाटले, आता त्या म्हणणार, राहू द्या, जावईबापू. आणि त्यांनी तसे म्हटले तर या खेपेला माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

त्यांनी दार उघडले. मी अहो अहो म्हणेपर्यंत त्या वळून उतरल्याही होत्या. काठी टेकत, गाडीला हात लावत त्या भिंतीच्या कडेने मागे गेल्या. काच उघडी असल्याने मला सगळे ऐकू येत होते.

"दादा, जरा मागं घ्या."

"आजी, तुम्ही आधी बाजूला व्हा."

"मी बाजूलाच आहे. तुम्ही मागं व्हा. आमचे जावई आहेत, नवीन शिकलेत."

"अहो, पण मला घाई आहे."

"मग घाईनं मागं घ्या."

वॉचमन हसला. काळी गाडी मागे गेली, फाटकाच्याही बाहेर. आरशात आता नुसती मोकळी चढण दिसत होती, आणि एका कडेला सासूबाई. त्यांनी भिंतीला पाठ लावली होती, माझ्या गाडीपासून अंतर राखून. त्यांनी हात वर केला आणि पुढे जा अशी खूण केली. मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडीचे नाक जरा वर उचलल्यासारखे झाले. मी हॅन्डब्रेक सोडला. ती अडखळली, हिसका दिला आणि पोर्चमध्ये गेली.

सासूबाई वॉचमनचा हात धरून चालत वर आल्या. त्यांना धाप लागली होती. मी माफी मागणार होतो, पण त्या आत काउंटरकडे निघाल्याही होत्या. तिथली मुलगी नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून म्हणाली, "पुढच्या महिन्याची तारीख आत्ताच लिहू का?" यावर दरवेळी सासूबाई "बघू" म्हणत आणि मी त्यांच्या पाठीमागून मान हलवून तारीख लिहायला सांगत असे.

"लिहा," सासूबाई म्हणाल्या. "सकाळची सगळ्यात पहिली द्या. तेव्हा मागं गाड्या नसतात."